कोणता शनिवारवाडा बांधायचा?

शनिवारवाडा होता तसा पुन्हा उभा करावा, ही मागणी पुण्यात दर काही वर्षांनी डोके वर काढते. या खेपेला ती एका व्यासंगी गृहस्थांच्या व्याख्यानातून आली. ओघवती भाषा, पडद्यावर एकामागून एक सरकणारी चित्रे, अधूनमधून इतिहासाचा हुंकार. टाळ्या भरपूर पडल्या, आणि बाहेर पडणारी मंडळी आत्ताच सातव्या मजल्यावरून आळंदीचे शिखर पाहून आल्यासारखी बोलू लागली. गृहस्थांचे नाव घेण्याचे कारण नाही. ते बोलले ते शहरातल्या पुष्कळांच्या मनात आहे. त्यांनी ते फक्त अधिक ऐटीत मांडले.

त्यांचे म्हणणे असे. पोलंडने वॉर्सा बांधून काढले, जर्मनांनी ड्रेस्डेनचे चर्च उभे केले, फ्रेंचांनी जळालेले नोत्र दाम साडेपाच वर्षांत लोकांना खुले केले. मग आपल्यालाच काय धाड भरली आहे? जोती शाबूत आहेत, दफ्तरात कागद आहेत, मदतीला संगणक आहेत. पर्यटक येतो, हिरवळ पाहतो, बाहेर भेळ खातो आणि जातो; त्याला सात मजले दाखवा. आपल्याकडे देवळांचे जीर्णोद्धार शतकानुशतके होत आले आहेत, तेव्हा 'मूळ अवशेषाला हात लावू नका' हे युरोपीय खूळ आपण कशाला डोक्यावर घ्यायचे? राहता राहिले पेठांतले जुने वाडे. ती ओल, उंदीर आणि कोर्टकज्जे यांनी भरलेली खासगी घरे. पडतात तर पडू द्यावीत. त्यांच्यात पैसा जिरवण्यापेक्षा एकच काम करावे, पण दणदणीत करावे.

शेवटचा मुद्दा व्याख्यानात जाता जाता येऊन गेला. खरी गोम तिथेच आहे, पण आधी परदेशची फेरी उरकून घेतलेली बरी, कारण गृहस्थांची निम्मी भिस्त तिच्यावर आहे.

वॉर्साचे जुने शहर १९४४ च्या उठावानंतर नाझींनी ठरवून, घरामागून घर जमीनदोस्त केले. युद्ध संपल्यावर त्याच शहरातली माणसे परतली आणि त्यांनी ते बांधले. १९५३ पर्यंत बाजारचौक उभाही राहिला. हे त्यांना जमले कशामुळे? बेर्नार्दो बेलोत्तो नावाच्या चित्रकाराने अठराव्या शतकात या शहराची बारकाईने काढलेली चित्रे होती, हे गृहस्थांनी सांगितले. पुढचे मात्र गाळले. युद्धाआधी तिथल्या वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन नकाशे काढले होते, आणि ते जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून शहराबाहेरच्या एका मठात दडवून ठेवले होते. वॉर्सा उभे राहिले ते या नकाशांच्या आधारावर. इमारती उभ्या असताना कुणीतरी मोजपट्टी घेऊन जिन्याखाली वाकले होते, म्हणून.

ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्श १९४५ च्या फेब्रुवारीत कोसळले. त्याचा ढिगारा जवळजवळ अर्धशतक जागच्या जागी पडून होता. १९९० च्या दशकात काम सुरू झाले तेव्हा त्या ढिगाऱ्यातला दगड न् दगड तपासून, शक्य तो त्याच्या जुन्या जागी बसवला गेला. आज त्या भिंतीवर काळपट दगड आणि नवे फिकट दगड वेगवेगळे दिसतात. कोणते जुने आणि कोणते नवे, हे शाळकरी पोरही सांगेल. नोत्र दामचे छप्पर आणि मनोरा २०१९ च्या एप्रिलमध्ये जळाले, पण भिंती उभ्या होत्या, आणि आगीच्या काही वर्षे आधी एका अभ्यासकाने साऱ्या वास्तूचे लेसरने मोजमाप करून ठेवले होते. थोडक्यात, गृहस्थांच्या तिन्ही उदाहरणांत एक तर नकाशे होते, नाही तर मूळ दगड होते, नाही तर अर्ध्याहून अधिक इमारतच शिल्लक होती. शनिवारवाड्याच्या आतल्या महालांबाबत यांतले काय आहे?

आता मूळ मुद्दा. कोणता शनिवारवाडा बांधायचा?

पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. दोन्ही दिवशी शनिवार होता. खर्च १६,११० रुपये. हे आकडे गृहस्थांनी तोंडपाठ म्हणून दाखवले आणि सभागृहाने मान डोलावली. पण १७३२ चा वाडा म्हणजे सात मजल्यांचा, आरसेमहालाचा, कारंज्यांचा वाडा नव्हे. तो पहिल्या बाजीरावाचा, पुढच्या मानाने आटोपशीर वाडा. कोट आणि दरवाजे यांना आजचे रूप आले ते नानासाहेबांच्या काळात. गणेश रंगमहाल १७५५ चा. हजारी कारंजे सवाई माधवरावांसाठी झाले. प्रत्येक पेशव्याने काही जोडले, काही पाडले, कुठे चौक वाढवला, कुठे दिवाणखान्याचा माळा चढवला. जवळजवळ ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे हा वाडा सतत बदलत राहिला. मग 'होता तसा' म्हणजे कधी होता तसा? बाजीराव-मस्तानीच्या काळातला हवा असेल तर गणेश रंगमहाल वगळा. तो बाजीराव गेल्यावर पंधरा वर्षांनी झाला. गणेश रंगमहाल हवा असेल तर मस्तानीला विसरा. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला तेव्हाचा हवा असेल तर कारंज्याला फुली मारा. सगळेच एकदम हवे असेल, आणि गृहस्थांच्या पडद्यावर सगळेच एकदम होते, तर असा वाडा कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हता, हे आधी मान्य करा.

पुढे आगी. १८२८ ची मोठी आग सर्वांना माहीत असते, पण त्याआधी १८०८ आणि १८१२ सालीही वाड्यात आगी लागल्या होत्या. दुसरा बाजीराव तर या वाड्यात फारसा रमलाच नाही. त्याने स्वतःसाठी विश्रामबाग बांधला, शुक्रवारात आणि बुधवारात वाडे बांधले. १७ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रजांचे निशाण चढले ते मूळ मालकाचेच लक्ष उडालेल्या वाड्यावर. त्यानंतर खाली तुरुंग, वर दवाखाना, त्याहून वर वेड्यांचे इस्पितळ असा या वास्तूचा उपयोग झाला. २७ फेब्रुवारी १८२८ ला ती पेटली आणि आठवडाभर धुमसत राहिली. म्हणजे जे जळाले ते पेशव्यांचे वैभव असे आपण समजतो. प्रत्यक्षात जळाला तो निम्मा उजाड झालेला सरकारी वाडा. 'जळण्यापूर्वी होता तसा' ही अट अक्षरशः पाळायची ठरवली, तर गृहस्थांना वेड्यांचे इस्पितळही उभारावे लागेल. त्यासाठी वर्गणी किती जमेल, कोण जाणे.

पुरावा काय आहे? महालांची नावे आहेत. हिशेबाचे कागद आहेत, त्यांत लाकूड, चुना, सोनेरी काम, कारागिरांची मजुरी यांच्या नोंदी आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत आतले नंतरचे बांधकाम काढून जे उत्खनन झाले त्यातून जोती, हौद आणि पाण्याच्या वाटा उघड्या झाल्या. जोत्यावरून खोली किती लांबरुंद होती ते कळते. ती किती उंच होती, खिडक्या किती होत्या, वरच्या मजल्याचा सज्जा पुढे किती आला होता, हे जोते सांगत नाही. आणि चित्र? एक प्रसिद्ध चित्र आहे, गणेश रंगमहालातल्या दरबाराचे. १७९० च्या तहाचा प्रसंग, सवाई माधवराव गादीवर, समोर इंग्रज वकील मॅलेट. हा दरबार झाला १७९० साली. चित्रासाठी रेखाटने करणारा जेम्स वेल्स पुण्यात आला १७९२ साली. तो १७९५ मध्ये वारला आणि चित्र पुरे केले टॉमस डॅनियलने, इंग्लंडात, १८०५ साली. एका दालनाच्या अंतर्भागाबद्दल हा मोलाचा पुरावा आहे, यात शंका नाही. पण एका दालनाच्या चित्रावरून सात मजले रचायचे म्हणजे जानव्यावरून ब्राह्मणभोजनाचा खर्च काढण्यासारखे आहे.

सात मजल्यांची गोष्टही अशीच ऐकीव. लोक ती तीनचार पिढ्या सांगत आहेत म्हणून ती खरी ठरत नाही. कमाल म्हणजे गृहस्थ स्वतः एरवी आख्यायिकांचे कर्दनकाळ. नारायणरावांच्या भुताच्या 'काका मला वाचवा' या पौर्णिमेच्या आरोळीची त्यांनी भर सभेत टर उडवली आहे. मग भुताला पुरावा मागणारा माणूस सातव्या मजल्याला का मागत नाही?

१९६४ च्या व्हेनिस सनदेत एक नियम आहे: अंदाज सुरू झाला की पुनर्रचना थांबली पाहिजे. गृहस्थांना सनद युरोपीय म्हणून नको आहे. हरकत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही चांगल्या इतिहास संशोधकाने कागदाबाबत हाच नियम पाळलेला आहे. पत्राचा कोपरा वाळवीने खाल्ला असेल तर तो तिथे टिंबे देतो, मनचे शब्द घालत नाही. जी शिस्त कागदाला आहे ती वाड्याला का नसावी?

आणि अंदाजाने बांधले की काय होते, ते पाहायला वॉर्साला जायची गरज नाही. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर लाल महाल आहे. शहाजीराजांनी बांधलेला, शिवाजी महाराजांचे बालपण पाहिलेला, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाहिस्तेखानावर छापा पडला तो मूळ लाल महाल पुढे नाहीसा झाला. आज दिसतो तो महापालिकेने १९८० च्या दशकात मूळ जागेच्या काही भागावर बांधलेला. स्मारक म्हणून तो असायला कुणाची ना नाही. जिजाऊंचे आणि बालशिवाजीचे स्मरण त्या जागी व्हायलाच हवे. पण तिथे सुट्टीच्या दिवशी अर्धा तास उभे राहून पाहावे. आईबाप मुलांना खान कोणत्या खिडकीतून पळाला ते बोटाने दाखवत असतात. खानाची बोटे गेली. दाखवणाऱ्यांची शाबूत आहेत. ती खिडकी सिमेंटच्या जमान्यातली आहे, हे त्या मुलाला कोण सांगणार? त्याच्या लेखी हाच तो महाल. लाल महाल निदान लहान आहे. शनिवारवाड्याच्या कोटात तेच सात मजली झाले, तर दोन पिढ्यांनी खऱ्या जोत्यांची आठवणही कुणाला राहणार नाही.

राहणार नाही याला एक अगदी साधे कारणही आहे. सात मजल्यांचा भार पेलायला पाया लागतो. तो आज खोदायचा म्हणजे त्याच जोत्यांमधून, हौदांमधून आणि पाण्याच्या नळांमधून खोदायचा. म्हणजे बाजीरावाच्या वेळचे जे हमखास खरे आहे ते उकरून टाकायचे आणि त्याच्या डोक्यावर अंदाज उभा करायचा.

खर्चाचे काय? घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे. कायद्याचे? वाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, तिथे खिळा ठोकायलाही परवानगी लागते. सागवान कुठून आणणार? गृहस्थ म्हणाले, आतून काँक्रीट आणि वरून लाकडाचे आवरण. ठीक, मग 'होता तसा' हे शब्द त्यांनी मागे घ्यावेत.

जीर्णोद्धाराचा मुद्दा मात्र एका वाक्यात झटकण्यासारखा नाही. अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वराचे देऊळ अठराव्या शतकात नव्याने बांधले, सोमनाथ स्वातंत्र्यानंतर नव्याने उभे राहिले, आणि जपानात इसेचे देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नवे बांधतात. शेवटचे २०१३ साली झाले. दगड जुना असण्यावर यांपैकी कुणाचीच श्रद्धा अडलेली नाही. हे सगळे खरे. परंतु देवळात देव असतो. तो मधल्या काळातही पुजला जात असतो, त्याचे पुजारी असतात, उत्सव असतात, आणि इसेत तर सुतारांची अशी परंपरा असते की बापाने बांधलेले मुलगा पुढच्या खेपेला बांधतो. तिथे टिकते ते काम करणाऱ्याचे ज्ञान आणि वापरणाऱ्याची गरज. शनिवारवाड्यात कोण राहणार? फडावर कोण बसणार, मुदपाकखान्यात कुणाचे जेवण शिजणार? तिकीटविक्रीची खिडकी आणि शीतपेयांचे दुकान, एवढेच त्या सात मजल्यांतले नित्यकर्म. देवळाचा दाखला देऊन तमाशाच्या फडाची परवानगी मागण्याचा हा प्रकार आहे.

पुन्हा बांधणे म्हणजे पापच, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे अजिबात नाही. पुण्यानेच ते एकदा फार शहाणपणाने केले आहे. मे १८७९ मध्ये एकाच रात्री विश्रामबाग वाडा आणि बुधवार वाडा अशा दोन वाड्यांना आगी लावल्या गेल्या. वासुदेव बळवंतांच्या बंडाचे दिवस, शहरात संशयाचे वातावरण. बुधवार वाडा गेला तो गेलाच. आज तो चौकाच्या नावापुरताही नीटसा आठवत नाही. विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला आणि लोकवर्गणीतून व नगरपालिकेच्या पैशांतून तो पुन्हा बांधला गेला. का? एक तर अर्धा वाडा शेजारी उभा होता, पाहून करायला. दुसरे, तसे खांब, तशा कमानी, तशी केळफुले घडवणारे सुतार तेव्हा गावात होते. तिसरे, तिथे काम चालत असे; १८२१ मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा निघाली होती, पुढे हायस्कूल भरले, आणि नंतर नगरपालिकेचा कारभारही इथूनच चालला. आज बाजीराव रस्त्यावरून जाताना त्या दर्शनी सज्ज्याकडे पाहून कुणाला खोटेपणा वाटत नाही. याच निकषांवर १८२८ चा शनिवारवाडा तपासा: शेजारी उभे काही नाही, तेवढे कारागीर नाहीत, कामाची गरज नाही.

आता ती जाता जाता आलेली गोष्ट: पेठांतले वाडे पडू द्यावेत.

गृहस्थांनी यातला एखादा वाडा आतून पाहिला आहे की नाही, शंका येते. दिंडीतून आत वाकावे, ओसरीवर चढावे, आणि खांबाच्या बुडाशी उकिडवे बसावे. सागवानी खांब दगडी तळखड्यावर टेकलेला असतो, जमिनीच्या ओलीपासून त्याला वर ठेवण्यासाठी. मागची भिंत विटामातीची, तिला चुन्याचा गिलावा. ही भिंत ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात दमट, उन्हाळ्यात कोरडी. तीसचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिला सिमेंटचा गिलावा केला आणि वर तैलरंग मारला. ओल आत शिरायची थांबली नाही, बाहेर पडायची तेवढी थांबली. ती भिंतीत वर चढली, खांबाच्या बुडाला पोचली, आणि लाकूड आतून पोकळ होत गेले. बोटाने दाबले तर भुगा निघतो. वरची तुळई अर्धा इंच खाली येते, दाराची चौकट दाबली जाते, दार घासू लागते. घरमालक रंधा आणून दार तासतो. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा घासते. अशी सहासात दारे तासून झाली की मग महापालिकेची नोटीस येते, 'धोकादायक' असा शिक्का बसतो, आणि दोनशे वर्षांचा वाडा चार दिवसांत खाली येतो.

याला उपाय आहे, आणि तो भव्य नसल्याने कुणी त्यावर व्याख्यान देत नाही. तुळईला टेकू द्यायचा, खांबाचे कुजलेले बूड तेवढे कापायचे, नव्या सागवानाचा तुकडा कुसू-खोबणीने जोडायचा, लोखंडी पट्टी आवळायची, सिमेंट खरवडून पुन्हा चुना चढवायचा. हे काम जाणणारे सुतार आणि गवंडी अजून आहेत. फार नाहीत, आणि त्यांची मुले दुसरे काही करतात.

वाडे ओलीने पडतात आणि भाड्यानेही पडतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. पुढे कायदा बदलला, पण जुन्या भाडेकरूंचे आकडे मालकाला छप्पर शाकारायलाही पुरले नाहीत. मुंबईत निदान १९६९ पासून उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करणारे मंडळ आहे, ते कसे चालते हा भाग वेगळा. पुण्याच्या वाड्यांच्या नशिबी तेही नव्हते. मालकाला वाडा पडलेला परवडतो, उभा परवडत नाही. भाडेकरूला पाणी गळते तरी जागा सोडवत नाही, कारण सोडली की हक्क गेला. यात कुणाला खलनायक ठरवण्याची गरज नाही. पडल्यावर मात्र सगळ्यांची सोय होते. लाकूड वखारीत जाते, नक्षीदार खांब एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभे राहतात, आणि जागेवर जी सातमजली इमारत येते तिचे नाव असते 'अमुक वाडा'. सात मजल्यांची हौस पुण्यात अशी आधीच फिटते आहे.

इथे एका जुन्या वादाची आठवण काढणे भाग आहे. वाडा म्हटले की गहिवरणारा एक वर्ग या शहरात आहे: चौकातला आड, तुळशीवृंदावन, उन्हाळ्यात गच्चीवर पसरलेले पापड. त्यांना प्रस्तुत लेखकाने पूर्वीही सांगितले आहे की त्याच चौकाच्या कोपऱ्यात बारा बिऱ्हाडांना मिळून एक संडास होता, आणि भल्या पहाटे बादली घेऊन रांगेत कोण उभे असे तेही आठवा. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले तेव्हा त्यांतून बाहेर पडलेल्या कित्येकांना पुन्हा वाड्यात राहायचे नव्हते, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. वाडा टिकवायचा तर त्यात न्हाणीघर, संडास आणि नीट विजेच्या तारा घालूनच टिकवावा लागेल. गहिवर आणि तुच्छता, दोन्ही पक्षांना हे सारखेच नकोसे असते. एकाला त्याने पावित्र्य गेल्यासारखे वाटते, दुसऱ्याला पैसा.

भिडे वाड्याचे काय झाले, तेही विसरून चालणार नाही. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती याच वास्तूत. राष्ट्रीय स्मारक व्हावे यावर सर्वांचे एकमत होते. भाडेकरू, भरपाई, न्यायालये यांत दशकाहून अधिक काळ गेला. तेवढ्या काळात वास्तूची कुणी डागडुजी केली नाही, कारण ती कुणाची हेच ठरत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये, जागा ताब्यात येताच, वाडा पाडला गेला. आता त्या जागी स्मारक होणार. ते व्हावे, चांगले व्हावे. पण ज्या खोलीत पहिला धडा गिरवला गेला ती खोली स्मारकासाठी जागा मोकळी करताना गेली. शनिवारवाड्याचा अंदाजी सातवा मजला बांधू पाहणाऱ्यांना त्या खऱ्या खोलीची हळहळ वाटल्याचे कुठे वाचनात आले नाही. रोग म्हशीला अन् औषध पखालीला, ही म्हण अशांसाठीच असावी.

मग करायचे काय, असे गृहस्थ विचारतील. विचारावेच.

वॉर्साच्या विद्यार्थ्यांनी केले ते आधी करायचे. पुण्यात वास्तुविद्येची महाविद्यालये पुष्कळ आहेत; प्रत्येकाने एकेक पेठ घ्यावी आणि उभ्या असलेल्या प्रत्येक वाड्याचे मोजमाप, नकाशे, छायाचित्रे करून ठेवावीत. मालकाची परवानगी मिळेल तिथे आतून, नाही तर रस्त्यावरून दिसेल तेवढे. वाडा उद्या पडला तरी काय पडले ते कळेल. दुसरे, मालकाला वाडा उभा ठेवणे परवडेल असे काही: वारसायादीतल्या वास्तूच्या मालकाला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता यावा, ही तरतूद मुंबईच्या नियमांत १९९० च्या दशकातच आली, ती पुण्यातल्या दहा-बारा बिऱ्हाडांच्या वाड्यालाही पेलेल इतकी सुटसुटीत हवी. तिसरे, खांबाचे बूड बदलण्यासारख्या किरकोळ दुरुस्तीला नवी इमारत बांधण्याइतके कागद लागू नयेत. चुना मळणारे आणि जोड देणारे कारागीर महापालिकेने स्वतःच्या कामांवर सतत लावावेत, म्हणजे त्यांची मुले हा धंदा सोडणार नाहीत. एवढ्याने सगळे वाडे वाचतील, असे कुणी म्हणत नाही. निम्मे जातील. उरलेले निम्मे मात्र खरे असतील.

आणि शनिवारवाड्याला येणारा तो बिचारा पर्यटक, ज्याला हिरवळीशिवाय काही दिसत नाही? त्याला आज कोणते जोते कशाचे, हे सांगणारी नीट पाटीही मिळत नाही. आधी ती लावावी. लाकडात एक नमुनाकृती करावी, आणि तिच्यात पुराव्याने ठरलेला भाग एका रंगात, अंदाजाचा दुसऱ्या रंगात दाखवावा. सातवा मजला हौसेखातर ठेवायचा असेल तर त्या दुसऱ्या रंगात खुशाल ठेवा. दिल्ली दरवाजाच्या आतल्या भिंतींवर गणपतीची आणि शेषशायी विष्णूची जुनी भित्तिचित्रे आहेत. फिकट झाली आहेत, खालून जाणारे बहुतेक लोक मान वर न करताच आत शिरतात. वर नगारखान्यात सागवानी खांब आणि कमानी आहेत. लाकूड म्हणून त्या वास्तूत जे तगले त्यातले ते मुख्य. गृहस्थांच्या व्याख्यानात संगणकाने रंगवलेला आरसेमहाल बराच वेळ पडद्यावर होता. या चित्रांचा उल्लेख एकदाही आला नाही. ती टिकवण्यासाठी रसायनतज्ज्ञ, थोडा निधी आणि नगारखान्याच्या छपराची वेळेवर डागडुजी एवढे लागेल. त्याची निविदा निघाली तर व्याख्यानाला आलेल्यांपैकी किती जण पहिली वर्गणी देतात, ते पाहता येईल.